थोरला दांडा, धाकटे दांडे

ज्ञानभाषेविषयीची आपल्याकडची चर्चा बहुधा कोशापाशी सुरू होते आणि कोशापाशीच संपते. अमुक संज्ञेला प्रतिशब्द आहे का, असल्यास तो सुबोध आहे की संस्कृतजड, यावर परिसंवाद झडतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून या परिसंवादांना नवा हुरूप आला आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक असल्यामुळे अशा व्यासपीठांशी आमचा परिचय जुना. तथापि या प्रश्नाची एक निराळी बाजू आम्हांला दिसली ती घरामागच्या पडवीत, एक लहानसे इंजिन घडवताना. तिच्याविषयी थोडेसे.

आमच्यापैकी एकाचे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. त्यांच्या पश्चात त्यांचा लेथ घरी आला. तो भंगारात काढणे मनाला पटेना आणि नुसता पुसून ठेवणे त्याहून पटेना. तेव्हा त्यावर काहीतरी अवघड घडवावे असे ठरले आणि पाच सिलिंडरांच्या अरीय, म्हणजे रेडियल, इंजिनाचा आराखडा आम्ही कागदावर मांडला. सिलिंडरचा व्यास २४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव २२ मिलिमीटर. पाचही मिळून जेमतेम ५० घनसेंटिमीटर.

अरीय इंजिनात सिलिंडर एका रांगेत उभे नसतात. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे ते मध्यावरच्या भुजादंडाभोवती मांडलेले असतात. सॅम्युअल लँग्ली यांच्या विमानासाठी चार्ल्स मॅन्ली यांनी सिद्ध केलेले ५२ अश्वशक्तीचे इंजिन याच जातीचे, पाच सिलिंडरांचे होते. १९०३ साली ते विमान दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. दोष इंजिनाचा नव्हता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना श्रीनगरला उतरवणाऱ्या डकोटा विमानांवरही अरीय इंजिनेच होती; त्यांत सात-सात सिलिंडरांची दोन कडी एकामागे एक असत.

पाच, सात, नऊ अशी विषम संख्या का, याला कारण आहे. चारधावी इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. म्हणून एक सोडून एक असा क्रम घ्यावा लागतो : १, ३, ५, २, ४. संख्या विषम असली की पहिल्या फेरीत वगळलेले सिलिंडर दुसऱ्या फेरीत आपोआप वाट्याला येतात आणि दर १४४ अंशांनी एक स्फोट होतो. सम संख्येत ही लय मोडते. झडपा उघडणारे कॅमचे कडेही याच हिशेबाने चालते. त्यावर दोन उंचवटे ठेवून ते भुजादंडाच्या उलट दिशेने, त्याच्या एक चतुर्थांश वेगाने फिरवले की पाचही सिलिंडरांचे काम भागते. हे गणित कागदावर सुटले तेव्हा एखाद्या वृत्ताचे गण अचूक जुळल्याचा आनंद आम्हांला झाला.

आकृत्यांवरची नावे आम्ही विश्वकोशाच्या परिभाषेत लिहिली : दट्ट्या, झडप, भुजादंड, संयोगदांडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत उभ्या राहिलेल्या त्या प्रकल्पाचे ऋण मोठे आहे. 'क्रँकशाफ्ट' हा शब्द मराठी वाचकाला काहीच सांगत नाही. 'भुजादंड' त्या वस्तूचे रूप तरी डोळ्यांपुढे उभे करतो.

वडिलांबरोबर काम केलेले एक मिस्त्रीमामा संध्याकाळी पडवीत येऊन बसत. सत्तरी ओलांडलेली, शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांच्या तोंडी दट्ट्या आणि भुजादंड कधीच आले नाहीत. ते पिस्टन म्हणत, व्हॉल्व म्हणत, क्रँक म्हणत. या नामांवरून त्यांची भाषा इंग्रजीने पोखरली, असा निष्कर्ष परिसंवादात सहज काढता आला असता. पण त्यांची क्रियापदे ऐकावीत. बीड कातायचे, आटे पाडायचे, कड मारायची. शिंपी कापडात ठेवतो तशी धातूत माया ठेवायची. सिलिंडरच्या तोंडावर बोट दाबून, दट्ट्या वर ढकलून, 'दम धरतोय' असा निर्वाळा द्यायचा. 'दोन थाऊ काढा' म्हणताना इंचाचा हजारावा भाग इंग्रजी राहतो. पण ते दोन थाऊ 'चाटून' काढायचे की 'खाऊन', हा भेद अस्सल मराठी, आणि कारागिराचे सारे ज्ञान त्या भेदातच साठलेले असते.

नामे उसनी, क्रियापदे घरची, अशी ही भाषा आहे. आपल्या परिभाषाकोशांत मात्र दाटी नामांची. क्रिया आलीच तर तीही नामाचा वेष घेऊन येते. दाबण्याचे 'संपीडन' होते. वस्तूचे नाव दुसऱ्या भाषेतून आणता येते, कारण वस्तूही बहुधा तिकडूनच येते. हाताने काय करायचे, किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचे, हे ज्या भाषेत सांगितले जाते ती त्या कामापुरती ज्ञानभाषा झालेलीच असते.

याचा कस एका ठिकाणी लागला. पाच दांडे भुजेवर शेजारी शेजारी बसवले तर सिलिंडर एका प्रतलात राहत नाहीत. म्हणून एकच दांडा भुजेला थेट जोडतात आणि उरलेले चार त्याच्या रुंद माथ्यावर पिनांनी अडकवतात. इंग्रजीत पहिला 'मास्टर', बाकीचे 'लिंक'. आकृतीवर आम्ही 'प्रधान संयोगदांडा' आणि 'उपसंयोगदांडा' असे लिहिले होते. मामांनी ते वाचून घेतले, पिना बोटाने चाचपल्या आणि म्हणाले, "सर, ह्यो थोरला. बाकीचं चौघं धाकटं. थोरल्याच्या खांद्याला धरून चालत्यात." मग भुजादंड हाताने फिरवून म्हणाले, "थोरला डुलला की धाकट्यांची वाट वाकडी हुती, बघा."

या दुसऱ्या वाक्यात अरीय इंजिनाच्या रचनेतला मुख्य पेच आहे. थोरल्याचा माथा फिरताना झुकतो. त्यामुळे धाकट्यांच्या पिना नेमक्या वर्तुळात न फिरता किंचित लांबट वाटेने जातात, आणि त्यांचे दट्टे माथ्याला पोहोचण्याचे क्षण ७२ अंशांच्या काटेकोर वाटणीतून जरासे सरकतात. आम्हांला हे त्रिकोणमितीने कळले होते. मामांना बोटांनी कळले. आकृतीवरची दोन्ही नावे आम्ही त्याच संध्याकाळी बदलली. त्यांतला 'दांडा' कोशाचा, 'थोरला' आणि 'धाकटा' मामांचे.

इंजिन मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालले. पंखा फिरवण्यापूर्वी मामांनी हात धरला होता : "आधी हातानं सावकाश फिरवा. खालच्या दोघांत तेल उतरलेलं असतंय." उभ्या ठेवलेल्या अरीय इंजिनात तळाच्या सिलिंडरांत तेल साचते; तसेच जोराने फिरवले तर दांडा वाकतो. तेल निघाले, धूर झाला आणि मग पाचही सिलिंडर एका लयीत बोलू लागले.

मामांच्या जुन्या कारखान्यात आता संगणकाने चालणारी यंत्रे आहेत. तिथे चाटून काढायचे की खाऊन, हे आकड्यांत लिहिले जाते. कुणी कुणाला सांगण्याचा प्रसंग येत नाही. मामांची नजर अधू झाली आहे आणि त्यांच्या बरोबरीचे फार थोडे उरले आहेत. जात्यावरच्या ओव्या अभ्यासकांनी दारोदार जाऊन टिपल्या, म्हणून त्या आज आपल्यापाशी आहेत. लेथवरच्या बोलीचेही असेच टिपण व्हायला हवे. आम्ही एक वही घातली आहे. तीत दीडशेच्या आसपास क्रियापदे जमली आहेत, प्रत्येकापुढे ते कोणत्या धातूसाठी आणि कोणत्या हत्याराबरोबर वापरतात याची नोंद आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी किंवा शेजारी एखादा जुना टर्नर, ओतारी वा फिटर असेल, तर त्याच्यापाशी बसावे, आणि हत्यारांची नावे विचारण्याआधी तो त्यांनी काय काय करतो ते विचारावे.