भाव पडला त्या हिवाळ्यात

नगर तालुक्यात आमची तीन एकर जमीन, एक विहीर आणि दोन गाई. 2023 साली पावसाने ओढ दिली. विहिरीच्या पाण्यावर कसाबसा लाल कांदा जगवला. काढणी सुरू झाली आणि 8 डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. नेप्तीच्या मार्केटमधला भाव बघता बघता जवळजवळ निम्म्यावर आला. गाडीभाडं, हमाली, बारदाना जाऊन जे हातात आलं, ते मी माहेरीसुद्धा सांगितलं नाही.

त्यानंतर कामावरून मन उडालं. पहाटे जाग यायची, पण उठावंसं वाटत नसे. गावरान कांद्याचं रोप लागवडीला आलं होतं. उशीर झाला की रोप थोराड होतं आणि कांदा नीट पोसत नाही. माहीत होतं, तरी पाय वावराकडे वळत नव्हते.

गाईंमुळे निदान उठणं व्हायचं. डेअरीची वेळ चुकवून चालत नाही. धार काढली की शेण, वैरण, पाणी ओघानेच व्हायचं.

खरी मदत सावडीची झाली. आम्ही काही बाया एकमेकींच्या रानात आळीपाळीने लागवडीला जातो. मजुरी नाही, कामाची फेड कामाने. माझी फेड राहिली होती. एका सकाळी जाऊबाई दारात आल्या. "चल गं, तुझा वाफा तसाच ठेवलाय," एवढंच म्हणाल्या. भावाचा विषय त्यांनी काढला नाही, याचं फार बरं वाटलं. मी गेले. दुपारपर्यंत कांदाविक्रीच्या पट्टीचा आकडा डोक्यातून गेला होता. पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या आमच्या रानात होत्या.

त्याआधी लावायचं किती, हा प्रश्न होताच. बचत गटाबरोबर हिवरे बाजार पाहिलं होतं. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिणं, मग उरेल त्यावर पिकं. पाऊस भरपूर झाला तरी ऊस आणि केळीला बंदी. मला हीच गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण बरं वर्ष आलं की आपण सगळेच मोकाट सुटतो. आम्ही विहिरीत दोर सोडून पाणी बघितलं आणि एकाच एकरावर कांदा लावला. गाईंपुरता घास आणि मका ठेवला.

कामाचंही मी तसंच केलं. मन नसेल त्या दिवशी धार, पाणी आणि वावरात एक फेरी, एवढंच. हुरूप असेल तेव्हा जास्त करायचं, पण उद्याची धार निघेल एवढी ताकद राखून.

4 मे 2024 ला अटींसह निर्यात उघडली. चाळीत साठवलेला कांदा निवडून थोडा थोडा विकला. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला. सगळं रान कांद्यालाच घालू, असं मीच म्हणाले. ह्यांनी पुन्हा दोर काढला. दीड एकरावर थांबलो आणि उरलेल्यात हरभरा पेरला.