रविवारची सायकल आणि तेरची वाट

“डॉक्टर, आठवडाभर दुकानातून उठता येत नाही. मग एका रविवारी सायकल चालवून काय साधणार?” धाराशिवच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. वाचकहो, आपल्याही मनात तो आला असेल.

उत्तर आशादायक आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. २०२३ साली ब्रिटनमधील सुमारे ८९ हजार लोकांच्या मनगटावरील मोजणीयंत्रांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. एवढा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण नियमित व्यायाम करणाऱ्यांइतकेच कमी आढळले. मधुमेहींनी मात्र यावर विसंबू नये. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद दोन दिवसांत ओसरू लागतो. म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड नसावा.

धाराशिवकरांसाठी पहिली रपेट लेण्यांपर्यंतची. शहरापासून आठेक किलोमीटर, बालाघाटच्या कुशीत. पाय सरावले की तेर गाठावे. साधारण २०-२५ किलोमीटर. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. पायंडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. ‘सायकलने गुडघे धरले’ म्हणणाऱ्या अनेकांची सीटच फार खाली असते!

माझ्यासोबत एक निवृत्त शिक्षक मित्र असतात. मधुमेहाची गोळी चालू आहे. एका हिवाळी सकाळी ते गोळी घेऊन, पण उपाशीपोटी निघाले. वाटेत त्यांचे बोलणे असंबद्ध झाले. एवढ्या थंडीत कपाळावर घाम आणि हात थरथरत होते. रक्तातील साखर उतरल्याचीच ही लक्षणे. खिशातली साखर पाण्यात कालवून पाजली, तेव्हा पंधरा मिनिटांत ते भानावर आले. तरीही रपेट तिथेच थांबवली, त्यांना खाऊ घातले आणि दिवसभर लक्ष ठेवले. कारण काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो व साखर पुन्हा उतरू शकते. इन्सुलिन किंवा अशी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी. ती ९०च्या खाली असेल, तर काही खाल्ल्याविना पायंडल मारू नये. छातीवर दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ जाणवली, तर कोणत्याही वयात तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे; ‘गॅस असेल’ ही समजूत मी फार महाग पडताना पाहिली आहे.

न्याहारीसाठी आपल्या मुलखाला काही आयात करावे लागत नाही. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. ज्वारीत तंतुमय पदार्थ भरपूर, म्हणून ती गव्हाच्या मैद्यापेक्षा सरस. पण भाकरीतही पिष्ट असतेच. ‘ज्वारी आहे’ म्हणून चार भाकरी खाणाऱ्यांची साखर ज्वारीचा मान राखत नाही. रक्तदाब असलेल्यांनी ताकात मीठ टाकू नये. दिवसभराचे सारे मीठ मिळून पाच ग्रॅमच्या आत हवे.

आणि तेरला पोहोचल्यावर? ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले ‘तगर’ ते हेच. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने जमवलेल्या प्राचीन वस्तूंच्या संग्रहातून येथे शासकीय संग्रहालय उभे राहिले. एका माणसाच्या छंदाचे हे रूप पाहिले की निवृत्तीनंतर ‘वेळ जात नाही’ म्हणत झोपेची गोळी मागायला येणारे माझे रुग्ण आठवतात. त्यातल्या काहींना मी गोळीऐवजी वही सुचवली आहे. सर्वांनी मानली असे नाही.

मी स्वतः तिथल्या मातीच्या भांड्यांची रेखाटने करतो. ती फारशी बरी उतरत नाहीत. शिक्षकमित्र मण्यांच्या नक्षीची टिपणे घेतात आणि त्यांच्या पिशवीत आता साखरेची पुडी व तपासणीचे यंत्र असते. मार्चनंतर मात्र आम्ही तेरचा बेत सोडतो, लेण्यांपर्यंतच जातो आणि आठच्या आत घरी परततो.