मागे उभा राहणारा

परवा चहाच्या वेळी आमच्या नातवाने जुन्या फ्रेंच जॅझचे ध्वनिमुद्रण ऐकविले. पाश्चात्य संगीतात आमची गती शून्य. तथापि लघुगुरूंचे गणित मुलांकडून घोकून घेण्यात आयुष्य गेले, त्यामुळे कान प्रथम तालाकडे वळला. ढोल नाही, डफ नाही, आणि तरी ताल तसूभर ढळत नाही! 'हा आधार कोणाचा रे?' असे विचारता समजले की, दोन गिटारी आणि माणसाहून उंच असे डबल बास नावाचे तंतुवाद्य. ते वाजविणारा लुई व्होला.

हा गृहस्थ १९०२ साली दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर जन्मला. प्रथम तो अकॉर्डियन वाजवी. पुढे डबल बास हाती घेऊन वाद्यवृंदाचा नायक झाला. १९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात चहाच्या वेळच्या नृत्यास त्याचा वृंद वाजवीत असे. जँगो राइनहार्ट हा गिटारवादक (याची डाव्या हाताची दोन बोटे आगीत निकामी झालेली) आणि ग्राप्पेली हा व्हायोलिनवादक, हे दोघेही त्याच्याच हाताखाली. ग्राप्पेली सांगत असे की, एकदा तुटलेली तार बदलून ती लागली की नाही हे पाहण्यास त्याने पडद्यामागे चार सूर काढले, तो जँगोने साथ धरली. मग हे रोजचेच झाले, आणि व्होलाही आपला बास घेऊन तेथे जाऊ लागला. त्याच डिसेंबरात 'हॉट क्लब'चे पंचक श्रोत्यांपुढे आले. नाव झाले ते जँगोचे आणि ग्राप्पेलीचे. नायक मागे उभा राहून खर्जाच्या तारा छेडीत राहिला.

येथे आम्ही पेला खाली ठेविला. आम्हीच ज्यास शब्दरूपे शिकविली, तो विद्यार्थी आमच्या निवृत्तीपूर्वी सहा वर्षे मुख्याध्यापक होऊन आमच्या डोक्यावर आला. 'सर, वेळापत्रक आपणच करावे,' असे तो नम्रपणे म्हणाला. आम्ही प्रकृतीचे निमित्त पुढे केले. पुढची सहाही वर्षे बोलावल्याविना त्याच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. 'केले असते वेळापत्रक, तर तुमचे काय जात होते?' असे मंडळींनी त्याच वेळी विचारले होते. आम्ही वर्तमानपत्र उघडले होते.

नातवास तेच पुन्हा लावावयास सांगितले. या खेपेस व्हायोलिनकडे लक्ष दिले नाही.

रात्री त्या विद्यार्थ्यास पत्र लिहावयास बसलो. 'चिरंजीव' लिहावे की 'राजमान्य राजश्री', येथेच पाऊण तास गेला.