नाणं कोणाच्या खिशात होतं

मराठी ख्रिस्ती मंडळीत राजकारणाचा विषय निघाला, की कोणीतरी कैसराच्या नाण्याचा दाखला देतं आणि विषय मिटतो. चर्चचं चर्चमध्ये, निवडणुकीचं फाटकाबाहेर. जबलपूरसारख्या शहरात, जिथे मिशनच्या शाळा, दवाखाने आणि प्रार्थनामंदिरं सरकारी परवानग्यांवर उभी आहेत, तिथे हा दाखला सोयीचाही आहे. मूळ प्रसंग मात्र इतका सोयीचा नाही. रोमला कर द्यावा का, असा पेच टाकायला माणसं आली होती. हो म्हटलं तर रोमचा हस्तक, नाही म्हटलं तर बंडखोर. येशूने नाणं मागितलं, आणि ते विचारणाऱ्यांनीच काढून दिलं, तेही मंदिराच्या आवारात. मग उत्तर आलं: कैसराचं ते कैसराला द्या, देवाचं ते देवाला. अभ्यासक सांगतात ते नाणं चांदीचा दिनार असावा: एका बाजूला सम्राट तिबेरियसचा चेहरा, भोवती तो दिव्य ऑगस्टसचा पुत्र असल्याची अक्षरं, पाठीमागे बसलेली स्त्री आणि ‘महायाजक’ ही सम्राटाची पदवी. म्हणजे माणसाला देवपुत्र ठरवणारं नाणं कंबरेला लावून ही धर्मनिष्ठ माणसं देवाच्या अंगणात उभी होती. राजकारण बाहेर ठेवू म्हणणाऱ्याच्या खिशात ते आधीच असतं.

आणखी एक गोष्ट सुटते. कैसराचं काय, ते नाण्यावर छापलेलं होतं. देवाचं काय, याची यादी येशूने दिलीच नाही. ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळी ती पुरी केली: नाण्यावर सम्राटाची प्रतिमा, माणसावर देवाची, तेव्हा सम्राटाला पैसा द्या, देवाला स्वतःला द्या. ऐकायला हे फार सुंदर आहे. पण अख्खा माणूस देवाचा ठरला, की देवाच्या वतीने त्याचा ताबा घ्यायला कोणीतरी पुढे येतंच. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते याच हिशेबाने. म्हणून श्रद्धेने राजकारणाला कार्यक्रम द्यावा, अमुक कायदा करा, तमुक पक्षाला मत द्या असं सांगावं, हे मला पटत नाही. श्रद्धा फार तर एवढं सांगू शकेल, की कोणत्या कागदावर सही करायची नाही.

याचं जवळचं उदाहरण 1932 सालचं आहे. व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डमधून आलेला इंग्रज पाद्री आणि शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण, दोघे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून बाहेर पडून तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन गांधींच्या जवळचे, ख्रिस्त आणि सत्याग्रह यांच्यावर पुस्तिका लिहिलेले. नागपूरच्या बिशप वुड यांनी अट घातली: राजनिष्ठेची शपथ घ्या, तर धर्मसेवेचा परवाना देतो. एल्विननी शपथ नाकारली. परवाना मिळाला नाही, आणि 1935 मध्ये त्यांनी चर्चच सोडलं. इथवर माझा मुद्दा सरळ चालतो. अडचण पुढे आहे. त्याआधी, 1932 मध्येच, ते इंग्लंडला गेले असताना सरकारच्या इंडिया ऑफिसने परतीचा मार्ग अडवला. राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, असं लिहून द्या म्हणाले. तो कागद एल्विननी लिहून दिला. बिशपला नकार, इंडिया ऑफिसला होकार.

यावर कोणी म्हणेल, की शपथ नाकारणं ही घरी परतायची सोय असलेल्या गोऱ्या माणसाची चैन आहे. आक्षेप खरा आहे, पण एल्विनपेक्षा तो शामरावांच्या बाजूने पाहावा. एल्विन पुढे ईशान्येकडे गेले, सरकारचे सल्लागार झाले, 1961 मध्ये पद्मभूषण मिळालं. शामराव मंडल्यातच राहिले. त्यांच्या सह्यांची चर्चा कोणी करत नाही. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: एकट्याची सदसद्विवेकबुद्धी समाजाला पुरत नाही. घटना समितीत ख्रिस्ती सभासदांनी राखीव जागांचा हट्ट सोडला. हरेंद्रकुमार मुखर्जी आणि फादर जेरोम डिसोझा त्यात पुढे होते. स्वतःसाठी वेगळा तुकडा मागायचा नाही, हा नकारही मला श्रद्धेतून आलेला वाटतो. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, ते आजही बाहेरच आहेत. नकार कोणी दिला आणि किंमत कोणी मोजली, हा हिशेब सरळ जुळत नाही.

आज सहीचा प्रश्न ऑक्सफर्डच्या माणसापुढे नाही, तो जबलपूरच्या साध्या पाळकापुढे आहे. मध्य प्रदेशाचा 1968 चा धर्मस्वातंत्र्य कायदा इथल्या उच्च न्यायालयाने उचलून धरला आणि 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही. 2021 च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही साठ दिवस आधी कलेक्टरला कळवायचं ठरलं. नोव्हेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखाली सक्तीची कारवाई अंतरिम आदेशाने थांबवली. धर्मांतराची पूर्वसूचना कचेरीत देणं हे नाणं द्यायच्या जातीचं नाही, हे मला स्पष्ट दिसतं. पण ते स्पष्ट दिसतं, याचीच शंका येते. आपल्या अंगाशी आलेल्या कागदावर अडणं ही श्रद्धा, की नुसता स्वार्थ? जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण झालं, 162 गावांना त्याची झळ बसली, त्यांत गोंडांची गावं मोठ्या संख्येने होती. त्या पाण्याला धर्मांतराशी देणंघेणं नव्हतं. श्रद्धेची कसोटी तिथे लागायला हवी होती, असं माझा युक्तिवाद सांगतो. पण तिथे नाकारायला कोणता कागद होता? गाव बुडताना सही मागायला कोणी येत नाही. नकारापुरती राखलेली श्रद्धा अशा वेळी हात बांधून बसते, आणि हात सोडायचे तर पुन्हा कार्यक्रम हवा, संघटना हवी, पक्ष हवा, म्हणजे मी ज्याला भीत होतो तेच सगळं. एल्विननी इंडिया ऑफिसच्या कागदावर सही केली नसती, तर ते करंजियाला परत पोचलेच नसते. ती सही चूक होती असं म्हणायला माझं मन धजत नाही, आणि बरोबर होती असं म्हटलं तर वरचा बराचसा मजकूर खोडावा लागेल.