पोहता येतं का?

मानकोली नाक्यावर पहाटे साडेचारला उभं राहिलं की आपण सहलीला चाललोय असं अजिबात वाटत नाही. गोदामांकडे वळणारे कंटेनर, डिझेलचा वास, टपरीवर पेंगत चहा पिणारे ड्रायव्हर... मी डोंबिवलीहून रिक्षाने नव्या पुलावरून आलेलो (२०२४ पासूनची चैन, एरवी कल्याणचा वळसा!) आणि टीमची गाडी ठाण्याहून येत होती.

बेत भंडारदऱ्याचा. शनिवारी आर्थर लेकमध्ये गाईडबरोबर कयाकिंग, रविवारी रतनगड. फॉर्मवर एक रकाना होता, 'पोहता येतं का?' मी 'हो' लिहिलं होतं.

येत नाही. सहावीत असताना मामाच्या विहिरीत पाठीला बांधलेला डबा सुटला, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी नको वाटतं. पण टीममधल्या ट्रेनी पोरांसमोर हे कोण सांगणार?

कसारा, घोटी करत शेंडीला पोहोचलो. गाईड म्हणजे बाविशीतला, तळ्याकाठच्याच वाडीतला मुलगा. प्रत्येकाचं लाईफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघत होता. माझं दोनदा बघितलं. "दादा, तुम्ही माझ्या होडीत या."

उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे वळते. हे माहीत असूनही मी घाबरून उजवीकडेच मारत राहिलो, म्हणजे इन्फिनिट लूप :-) "दंडानं नाय दादा, कमरेतनं फिरा," मागून आवाज. मग जरा जमलं. विल्सन धरण १९१० ते १९२६ मध्ये बांधलेलं, इथलं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली नगरकडच्या उसाला जातं वगैरे तो सांगत होता. मी हूं हूं करत होतो. लक्ष सगळं पायाखालच्या काळ्या पाण्याकडे.

मध्यावर वारा सुटला. होडी डुलली आणि मी वल्हं सोडून दोन्ही हातांनी कडा धरल्या.

"पवायला येत नाय ना?"

"...नाही."

"मंग सकाळीच सांगायचं. कोण हसत नाय. पण सहा माणसं हायेत, होड्या उलटल्या तर मी आधी कुणाकडं जायचं?"

मी गप्प. टेस्ट न करता 'पास' लिहिणाऱ्या ज्युनियरवर मी मागच्याच महिन्यात मीटिंगमध्ये ओरडलो होतो.

रतनगड मस्त झाला. लोखंडी शिड्या, मग नेढ्यात बसून भन्नाट वारा खाल्ला. तिथून ते सगळं तळं दिसतं, एवढंसं. फोटो पुढच्या वेळी टाकतो.

उतरल्यावर रतनवाडीत पिठलं-भाकरी झाली, आणि तासाभराने त्याने मला जॅकेट घालून काठाशी कमरेइतक्या पाण्यात नेलं. पाणी बर्फ! पाठीखाली एक हात. "डोकं मागं टाका. कान बुडू द्या." ट्रेनी पोरं काठावर बसून बघत होती. कान बुडाले तसं सगळं शांत झालं. हात कधी काढला, कळलं नाही.

काल डोंबिवलीच्या तलावावर चौकशी करून आलो. नवशिक्यांच्या बॅचला सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं आहेत. पहाटे सहा ते सात. सोमवारपासून सुरू, म्हणजे रविवारी रिलीज सुरळीत पार पडलं तर.