पक्कड

दहावीचा निकाल लागला की आमच्या धर्मग्राम कार्यालयाबाहेरच्या बाकावर पालक व मुले दाखल्यांसाठी येऊन बसतात. त्या बाकाकडे पाहिले की मला २००१ सालचा जून आठवतो.

तेव्हा मी वसईतील याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. गुरुदीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती. एका बागायतदाराचा मुलगा जेमतेम गुणांनी उत्तीर्ण झाला होता. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. वडिलांना मुलगा वाणिज्य शाखेत हवा होता. निवाडा माझ्याकडे आला. "हातात पक्कड घेऊन आयुष्य काढणार आहेस का?" असे मी विचारले. मुलगा काही बोलला नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केलेल्या श्रमिक संत योसेफाच्या सणाला, १ मे रोजी, मी सुताराच्या हातांवर भावपूर्ण प्रवचन देत असे. संत डॉन बॉस्को यांनी १८५३ साली तुरीन येथे गरीब मुलांसाठी चांभारकाम व शिंपीकाम यांच्या कार्यशाळा उघडल्या, हेही मला पाठ होते. परंतु सुतार वेदीवर असला तर पूज्य. आपल्या धर्मग्रामातील हुशार मुलाने मात्र कारकून व्हावे!

मुलगा तेरावीत अडखळला, पुढे कुरियरच्या कचेरीत चिकटला. २०२० च्या टाळेबंदीत ती नोकरी गेली. बदल्या होत होत मीही त्याच सुमारास येथे प्रमुख धर्मगुरू म्हणून परतलो होतो. २०२१ साली तो दारात उभा राहिला. वय छत्तीस.

"फादर, चारित्र्याचा दाखला हवाय. आयटीआयला नाव घालतोय."

तेथे प्रवेशासाठी किमान वय चौदा आहे, कमाल मर्यादा नाही, हे मला ठाऊक नव्हते. त्याने ते शोधून काढले होते. दिवसा वर्ग, रात्री रिक्षा. पत्नी पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेत असे. पहिले काही दिवस मुले त्याला 'सर' समजून उभी राहत, हे त्याने हसत सांगितले. शिकाऊ उमेदवारीचे विद्यावेतन आईच्या हातचे जेवणाऱ्या मुलाला पुरते, दोन लेकरांच्या बापाला नव्हे. म्हणून २०२३ साली अभ्यासक्रम संपताच तो थेट ठेकेदाराकडे रुजू झाला.

दाखल्यावर सही करताना मी म्हणालो, "तेव्हा मी चुकलो."

"तुम्ही एकटेच कुठे, फादर? बाबाही होतेच की."

गेल्या पावसाळ्यात चर्चच्या वस्त्रागारातील दिवे सारखे जात होते. त्याला बोलावले. मुख्य फलकाची अर्थिंगची तार कित्येक वर्षे कोठेही जोडलेलीच नव्हती, असे त्याने दाखविले. सायंकाळपर्यंत काम आटोपले. पैसे नकोत, म्हणाला. मी बिल मागितले, तेव्हा त्याने पाठकोरा कागद घेऊन वळणदार अक्षरात ते लिहिले, आणि खाली सही करून 'वीजतंत्री' हा शब्द घातला.