दिवाळीच्या सुट्टींतील बाजार

नाशिकहून गिरणाऱ्यास जाणाऱ्या सडकेपासून थोडें आंत माझ्या मामांचें दोन खोल्यांचें एक घर आहे. घर म्हणण्यापेक्षां त्यास विसांव्याची जागा म्हणणें अधिक बरें. कारण वर्षांतील बहुतेक दिवस त्याच्या दारास कुलूप असतें आणि ओट्यावर शेजारच्या मळ्यांतील कोंबड्या नांदतात. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली म्हणजे मात्र आम्हां भावंडांचें बिऱ्हाड तेथें जाऊन पडतें. तेथें टीव्ही नाहीं, आणि मोबाईलची रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावें लागतें. त्यामुळें पहिले दोन दिवस कुरकुरण्यांत जातात आणि तिसऱ्या दिवसापासून पाय आपोआप वाटेला लागतात.

सुट्टी संपून वर्ग भरले कीं, "कोठें गेला होतास?" हा प्रश्न ठरलेलाच. कोणी महाबळेश्वर सांगतो, कोणी गोवा सांगतो. मी "गिरणारें" म्हटलें कीं हशा पिकतो. त्या हशास तोंडानें उत्तर देणें मला साधत नाहीं, म्हणून यंदा तें लेखणीनें देत आहें.

यंदा आमच्या बरोबर एक वाटाड्या होता. घराची राखण करणाऱ्या मावशी व त्यांचे यजमान मूळचे हरसूलकडचे. त्यांचा भाचा दिवाळीसाठीं मावशींकडे आला होता. तो तिकडच्या एका सरकारी आश्रमशाळेंत नववीच्या वर्गांत आहे, मीही नववींतच. पहिल्याच दिवशीं आम्हीं गणिताचें पुस्तक ताडून पाहिलें, तर दोघांचेंही त्याच धड्यापाशीं अडलेलें निघालें! एवढ्यावर आमची मैत्री जमली. मावशींशीं तो कोकणा बोलींत बोले, आमच्याशीं पुस्तकी मराठींत. आणि रानांत शिरला म्हणजे कोणाशींच फारसें बोलत नसे. शीळ घालून तो पक्ष्यांस ओ द्यावयास लावी. कोणत्या वेलाचा कंद खावयाचा, कोणत्यास हात लावावयाचा नाहीं, हें तो आम्हांस अशा सहजतेनें सांगे कीं शिक्षकांनीं सांगितल्यासारखें तें मुळींच वाटत नसे.

पहिली पायपीट जलालपूरची झाली. गोदावरीच्या कांठचें हें लहानसें गांव लक्ष्मीबाई टिळकांचें जन्मस्थान. १८६८ सालीं त्यांचा जन्म झाला आणि पुढें १९३४ पासून 'स्मृतिचित्रें'चे भाग प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकांतील वेंचा आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचला असेल. मी मोठ्या अपेक्षेनें गेलों. परंतु गांवांत इतर कोठल्याही गांवासारखींच घरें, नदीवर धुणीं धुणाऱ्या बाया आणि पारावर बसलेले म्हातारे. क्षणभर निराशा झाली. मग वाटलें, ज्या मुलीस लहानपणीं धड अक्षरओळखही नव्हती तिनें मोठेपणीं जें लिहिलें तें याच धुण्याच्या बायांच्या बोलींत लिहिलें. तेव्हां गांव इतरांसारखेंच असावें हें योग्यच आहे. आमचा वाटाड्या मात्र नदीच्या पाण्याकडे पाहात होता. "एवढं पाणी दिवाळीनंतरही राहतं?" असें त्यानें विचारलें. वरच्या अंगास गंगापूरचें धरण आहे, तें १९६५ सालीं पुरें झालें, असें मी त्यास सांगितलें. त्यावर तो कांहीं बोलला नाहीं.

गिरणाऱ्याचा टोमॅटोचा बाजार ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनीं तो एकदां अवश्य पाहावा. हंगामांत दुपार कलली कीं पिकअप गाड्या, ट्रॅक्टर, छोटे टेंपो यांची रांग सडकेवर लागते. प्लास्टिकच्या जाळ्यांची उतरंड माणसाच्या डोक्याच्या वर जाते. एका जाळींत सुमारें वीस किलो माल मावतो आणि भाव किलोवर नव्हे तर जाळीवर बोलला जातो. व्यापारी येतो, वरचीं दोन फळें उचलतो, एखादें दाबतो, तळांतलें एक काढून बघतो आणि आंकडा टाकतो. शेतकरी गप्प असतो. त्याची ती चुप्पी मला मोठी विलक्षण वाटली. चार महिने खपून पिकविलेल्या मालाचें मोल त्यास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागतें! २०२३ च्या पावसाळ्यांत टोमॅटोचे भाव एवढे चढले होते कीं शहरांतल्या स्वयंपाकघरांतून टोमॅटो हद्दपार झाला. आणि त्यानंतर दोन महिने लोटतात न लोटतात तोंच भाव असे कोसळले कीं तोडणीची मजुरीही सुटेना. मामा म्हणतात, टोमॅटो म्हणजे लाल रंगाचा जुगार. परंतु पुढील वर्षीं तेही अर्धा एकर लावणार आहेत!

याच गांवांत सकाळीं दुसरा एक बाजार भरतो. त्यांत माल दिसत नाहीं, माणसें दिसतात. आम्ही सकाळीं सातच्या सुमारास दूध आणावयास गेलों होतों. थंडी चांगलीच पडली होती. सडकेच्या दोन्ही बाजूंस शेंकडों स्त्रीपुरुष उभे होते. कांहींच्या डोक्यावर गोणपाटांत बांधलेलें बोचकें, त्यांतून तव्याची कड बाहेर आलेली. कांहींच्या कडेवर मूल. पेठ, सुरगाणें, हरसूल या डोंगराळ भागांतून हे लोक भाताची कापणी उरकून द्राक्षांच्या पट्ट्यांत कामास उतरतात. मळेवाला मोटारसायकलवर येतो, "किती जण?" असें विचारतो, रोज ठरतो आणि टोळी गाडींत चढते. त्या दिवशीं एक सौदा साडेतीनशें रुपयांवर तुटलेला मीं स्वतः ऐकिला. ज्यांस कोणी नेलें नाहीं ते उन्हें चढेपर्यंत तेथेंच उभे राहतात, आणि मग चहाच्या दुकानाच्या सावलींत बसतात.

द्राक्षाचा बाग म्हणजे हातांचें काम. पावसाळा सरतां सरतां छाटणी. मग काडीच्या डोळ्यांस औषध लावणें. फुटवे आले कीं नको ते खुडणें. घड धरले कीं त्यांतील मणी विरळ करणें. आणि पुढें घड एकेक करून औषधाच्या पाण्यांत बुडविणें. यांपैकीं पुष्कळ कामें यंत्रास नीटशीं जमत नाहींत, बोटांनाच जमतात. आपण नाताळानंतर जीं लांबट, एकसारखीं, गोड द्राक्षें खातों त्यांतला प्रत्येक घड अनेक वेळां कोणाच्या तरी हाताखालून गेलेला असतो.

त्या गर्दींतून कोणीतरी आमच्या वाटाड्यास नांवानें हांक मारली. तो धांवत गेला. त्याच्या पाड्यावरचीं चार घरें तेथें उतरलीं होतीं. त्यांत त्याच्याच शाळेंतील दोन मुलें होतीं. तो परत आला तेव्हां दुधाची किटली त्यानें माझ्या हातून घेतली आणि घरापर्यंत तीच बदलत बदलत चालला.

मध्यंतरीं एक दिवस मामांनीं आम्हांस अंजनेरीस नेलें. हनुमंताचें जन्मस्थान म्हणून हा डोंगर प्रसिद्ध आहे आणि बहुतेक यात्रेकरू वर चढून दर्शन घेऊन उतरतात. 'सेरोपेजिया अंजनेरिका' नांवाची एक फुलवेल प्रथम याच डोंगरावर सांपडली आणि २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं तिची नोंद केली. परंतु तिच्या बहराचे दिवस उलटून गेले होते, तेव्हां ती आम्हांस दिसली नाहीं. मला गोडी वाटली ती पायथ्याच्या पडक्या देवळांची. शेतांच्या बांधांतून कोरीव खांब डोकावतात, आणि दगडी उंबऱ्यावर शेळ्या चढतात. तेथील एका जैन मंदिरांत शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या सुमाराचा, शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याच्या काळांत चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरासाठीं कांहीं दुकानें दान दिल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे नऊशें वर्षांपूर्वीं येथें भरभराटीची पेठ होती! त्याहूनही जुने ताम्रपट याच गांवीं सांपडले. त्यांतील भोगशक्ति राजाचा ताम्रपट इसवी सन ७१० च्या सुमाराचा असून, उजाड पडलेलें एक नगर आपण पुन्हां वसविलें व तेथील व्यापाऱ्यांस जकात माफ केली, असें त्यांत राजानें लिहविलें आहे. तांब्यावर कोरल्यामुळें व्यापाऱ्यांच्या सवलती तेराशें वर्षें टिकल्या. त्या नगरासाठीं ओझीं वाहणारांचा रोज काय ठरला होता तें कोणी कोरून ठेविलें नाहीं. अंजनेरीजवळच जुन्या नाण्यांचें एक संग्रहालय आहे, तेंही आम्हीं पाहिलें. तेथें आमचा मित्र एका कपाटासमोर पुष्कळ वेळ उभा होता. त्या नाण्यास तेव्हां किती तांदूळ मिळत असेल, हा त्याचा प्रश्न. त्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणापाशींच नव्हतें.

हरसूलच्या आठवडे बाजारास आम्ही एस. टी. नें गेलों. वाघेऱ्याच्या घाटांत बस शिरली कीं द्राक्षांचे मांडव नाहींसे होतात. येथें सह्याद्रीचा कणा पाण्याची वाटणी करितो : अलीकडचें पाणी गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातें, पलीकडचें पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास. घाटापलीकडे पाऊस अलीकडच्या कितीतरी पट पडतो. पण उतारावर तो थांबत नाहीं, आणि उन्हाळ्यांत त्याच गांवांत बाया हंडे घेऊन दूर झऱ्यावर जातात. जलालपुरास नदी पाहून विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला बसच्या खिडकींतून कळला. खाचरांत भाताचीं उडवीं रचलेलीं होतीं. खाचराच्या कोपऱ्यांत काळसर चौकोन दिसत, ते राबाचे : उन्हाळ्यांत पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून तेथें जाळतात आणि पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या मातींत बीं टाकून रोपें करितात, पुढें त्यांचीच आवणी.

बाजार म्हणजे नुसती गर्दी नव्हे, भेटींचा मेळावा होता. नागली, वरई, उडीद, खुरासणी यांचे लहान लहान ढीग. बांबूचीं सुपें, टोपल्या, कोंबड्यांचीं खुराडीं. सुकट आणि बोंबील यांचा वास. विळ्यांस धार लावून देणारा लोहार. आणि त्याच्या शेजारीं मोबाईलचीं रंगीत कव्हरें. एक म्हातारी मापट्यानें नागली मोजून देई व प्रत्येक मापावर एक मूठ जास्त घाली. पलीकडे व्यापाऱ्याचा वीजकाटा होता. त्यावर मूठ वाढत नसे.

तेथेंच मित्राचे वडील भेटले. त्यांनीं भाताचीं दोन पोतीं विकावयास आणिलीं होतीं. ऑक्टोबरांतील अवेळीं पावसानें उभें भात आडवें केलें आणि पुष्कळ दाणा काळा पडला. भाव ऐकून ते कांहीं बोलले नाहींत. गिरणाऱ्याच्या टोमॅटोवाल्याची चुप्पी मला पुन्हां दिसली. मग आम्ही भज्यांच्या दुकानांत बसलों. त्यांनीं मामांस हळूच विचारलें, "भाऊ, तुमच्याकडं एखाद्या बागेत याचं काही होईल का? चार महिने."

मामा म्हणाले, "अहो, नववींत आहे तो. दोन वर्षं थांबा, दहावी होऊं द्या."

"मी थांबेन हो. सोसायटीचं कर्ज थांबतं का?"

मामांनीं चहा संपविला. माझा मित्र भज्यांचा कागद बारीक बारीक घडी करीत होता. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा चौदाव्या वर्षापाशीं थांबतो, आणि तो पंधरावें ओलांडून गेला आहे. हें मला नंतर बाबांनीं सांगितलें. त्या वेळीं मला एवढेंच सुचलें कीं सहामाहींत त्यास गणितांत माझ्यापेक्षां अकरा गुण अधिक होते, आणि मीं तें मोठ्यानें सांगून टाकलें. त्याचे वडील माझ्याकडे बघून हंसले. "असं होय?" म्हणाले, आणि त्यानें घडी घातलेला कागद त्याच्या हातांतून काढून आपल्या खिशांत ठेविला. शेवटीं मामांनीं, पोतें घरच्यासाठीं हवेंच आहे असें सांगून, एक पोतें व्यापाऱ्यापेक्षां थोड्या चढ भावानें घेतलें. त्या तांदळाचा भात आम्ही अजून खातों. तो मऊ होतो आणि त्यास सुवास आहे.

सुट्टी संपली, आम्ही नाशिकास परतलों. आमच्या शाळेची घंटा वाजली त्याच आठवड्यांत आश्रमशाळाही उघडली. मामा घराची झाडलोट पाहावयास जाऊन आले, त्यांनीं बातमी आणिली : मुलगा शाळेंत गेला आहे, वसतिगृहांत पेटी ठेवून वडील परत फिरले. बागेंतल्या कामास त्याच्या जागीं त्याची थोरली बहीण आली आहे. मावशींकडेच उतरली आहे आणि रोज सकाळीं टोळीबरोबर घड विरळण्यास जाते. ती गेल्या वर्षीं दहावी पास झाली.